गाळलेलं सातवं कलम

आंबेखोलच्या गवळीवाड्यात एकोणीस घरं, आणि कन्नड वाचता येणारा माणूस एकच, तो म्हणजे भरमू वरक. त्याचा मामा लोंढ्याला रेल्वेत गँगमन होता. त्यानं भाच्याला आपल्याकडं नेऊन तिथल्या कन्नड शाळेत घातलं. भरमू नववीत असताना मामा वारला आणि तो परत म्हशींमागं आला, पण तोवर अक्षर पक्कं झालं होतं. वाड्यावर रेशनचा, मतदानाचा, दवाखान्याचा कुठलाही कागद आला की तो भरमूच्या हातात यायचा. "काय म्हनतंय रं ह्ये?" असं विचारून माणसं उभी राहायची आणि तो सांगेल ते खरं मानून चालू लागायची. त्यानं सांगितलेलं कुणी दुसऱ्याकडून तपासून घेतलं नाही. तपासणारा दुसरा होताच कोण?

वाडा खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, दाट जंगलात. गुंजीच्या स्टेशनापासून तीन तासांची पायवाट, आणि पावसाळ्यात मधले दोन ओढे भरले की तीही बंद. कारवीच्या भिंती, गवताची छपरं, घरामागं नाचणीचा तुकडा आणि दारात म्हशी. भरमू अठ्ठावीस वर्षांचा झाला तेव्हा सरकारनं या जंगलाचं अभयारण्य केलं. फॉरेस्टवाल्यांना वाटा ठाऊक असलेला आणि कन्नड समजणारा गडी हवा होता. भरमू वॉचर झाला.

वॉचर म्हणजे रोजंदारी. खाकी शर्ट मिळाला, त्यावर नंबर कधी आला नाही. चोवीस वर्षं त्यानं उन्हाळ्यात वणवा अडवायला गवताचे पट्टे कापले, झाडांना कॅमेरे बांधले, वाघराच्या पावलांची मापं घेतली. आणि हद्दीत म्हशी शिरल्या की हाकलल्या. म्हशी कुणाच्या? आपल्याच माणसांच्या. पहिल्याच वर्षी स्वतःच्या मेव्हण्याच्या, जोतिबाच्या चार म्हशी त्याला धराव्या लागल्या. साहेब जीपमध्ये बसून बघत होते, डोळेझाक करायची सोय नव्हती. त्यानंतर सात वर्षं जोतिबानं त्याच्या घरचं पाणी घेतलं नाही. वाड्यात त्याचं नाव पडलं 'फॉरेस्टचा भरमू'. आणि ऑफिसात? तिथं तो 'गौळ्यांचा भरमण्णा'. सागाचं एखादं झाड कुणी तोडून नेलं की पहिला संशय वाड्यावर आणि पहिली चौकशी त्याची. दोन्हीकडची भाषा येत होती, पण दोन्हीकडं त्याचं असं कुणी नव्हतं.

दोन वर्षांमागं वाडा उठवायची गोष्ट निघाली. जबरदस्ती नाही, राजीखुशीनं, असं सरकारचं म्हणणं. जंगलाबाहेर खानापूरच्या बाजूला प्लॉट, घर, वीज, रस्ता. फॉरेस्टच्या रेंज ऑफिसातले साहेब दावणगिरीकडचे. त्यांना मराठी येत नव्हती. माणूस वाईट नव्हता. भरमूला समोर खुर्ची देणारा तो पहिलाच साहेब. त्यांनी एक दिवस त्याला बोलावून चार पानांचा कागद पुढं सरकवला. वर लिहिलं होतं, 'ओप्पिगे पत्र', म्हणजे संमतीपत्र.

"हे तू तुझ्या लोकांना मराठीतून वाचून दाखवायचं," साहेब कन्नडमधून म्हणाले. "खाली तुझी सही लागेल. 'वाचून समजावून सांगितले' म्हणून."

भरमूनं तिथंच बसून कागद वाचला. सहा कलमं घराची, जागेची, शाळेची. सातव्यावर त्याचं बोट थांबलं. त्यात लिहिलं होतं की या जंगलावर आमचा किंवा आमच्या पूर्वजांचा कोणताही हक्क पूर्वी नव्हता, आज नाही, आणि पुढं आम्ही किंवा आमचे वारस तो कधीही सांगणार नाही.

साहेबांनी ते बोट बघितलं. "ते सातवं जास्त फोडून सांगत बसू नकोस. वकील लोकांची नेहमीची भाषा असते. माणसं उगाच भितात." मग ते म्हणाले, "भरमण्णा, कायम करायच्या यादीत तुझं नाव वर गेलंय. हे काम नीट झालं तर शिफारस मी स्वतः लिहीन."

चोवीस वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो शब्द आला, आणि तो असा आला. भरमू कागद पिशवीत घालून बाहेर पडला. घरी पोचेपर्यंत त्यानं स्वतःला दहा वेळा समजावलं की नेहमीचीच भाषा आहे.

रविवारी सकाळी वाड्यापुढच्या जांभळीखाली सगळे जमले. एका बाजूला साहेब आणि दोन गार्ड. भरमू उभा राहून वाचू लागला. पहिलं कलम, दुसरं, तिसरं. रस्त्याचं कलम आलं तेव्हा साईराज नावाचा तरुण मध्येच म्हणाला, "व्हय, ह्ये पायजेच." त्याला कुणी गप्प केलं नाही. आदल्या पावसाळ्यात त्याच्या बाळंतीण होऊ घातलेल्या बायकोला घोंगडीच्या डोलीतून नेताना दुसऱ्या ओढ्यावरच मूल गेलं होतं. भरमूची बायको अंबुबाई पाण्याचं कलम ऐकून मान हलवत होती. तिचे दोन्ही गुडघे गेलेले, आणि झरा खाली दरीत.

सहावं संपलं. भरमूनं पान उलटलं आणि म्हणाला, "पुढचं कलम." आणि आठवं वाचलं.

कुणाच्या लक्षातही आलं नाही. कलमांचे आकडे कोण मोजतंय? पण सगळ्यांच्या मागं बसलेली त्याची आत्या नागुबाई उठून उभी राहिली. वय पंच्याहत्तरच्या पुढं, कमरेत वाकलेली, आवाज मात्र खणखणीत.

"भरमू, आपल्या कौलाचं काय लिवलंय रं त्येच्यात?"

"काय न्हाय लिवलेलं, आत्या," तो म्हणाला. कौल हा शब्द कागदात खरंच नव्हता.

कौल म्हणजे नागुबाईच्या घरातली बांबूची नळी. तोंड मेणानं बंद केलेलं, आत एक जुना कागद. दसऱ्याला ती बाहेर निघायची, तिच्यापुढं तुपाचा दिवा लागायचा, आणि परत आढ्याला जायची. कागद मोडी लिपीत, म्हणजे जुन्या काळची ती जोडून लिहिलेली मराठी, जी आता शाळेत कुणी शिकत नाही. वाड्यात ती कुणालाच लागत नव्हती. आजा-पणज्यांनी तोंडानं सांगितलेलं एवढंच शिल्लक होतं की घाटाच्या देसायानं आपल्याला शब्द दिलाय, चंद्र-सूर्य असंतवर.

सहा वर्षांमागं वाड्यानं वनहक्काचा दावा घातला होता. अर्ज भरमूनंच भरलेला. पण गवळी धनगर इथल्या आदिवासींच्या यादीत नाहीत, म्हणून त्यांना तीन पिढ्या, पंच्याहत्तर वर्षं इथंच राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. पुरावा नाही म्हणून दावा फेटाळला गेला. तेव्हा भरमूनं नळी मागितली होती. "द्येव कचेरीत न्यायचा न्हाय," असं नागुबाईनं सांगून टाकलं, आणि तोही गप्प बसला.

त्या रविवारी सगळ्यात आधी भरमूनं स्वतःची सही केली. पुढं होऊन दाखवल्याशिवाय मागचे येत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. मग साईराज. मग एकेक करून अंगठे उमटत गेले. चौदा घरं झाली. नागुबाई जागची हलली नाही, आणि तिच्याकडं बघून आणखी चार घरं थांबली. शेवटी भरमूनं तळाशी दुसरी सही केली, 'मराठीतून वाचून समजावून सांगितले'च्या खाली. शाई वाळेपर्यंत साहेबांनी कागद हातात धरला आणि त्याला एक झेरॉक्स प्रत दिली.

नंतरच्या आठवड्यात साहेबांचं एकच पालुपद. "त्या म्हातारीचं काय झालं?" नागुबाईनं दिला तर बाकीचे चार देतील, हे त्यांनी हेरलं होतं. भरमू रोज आत्याच्या दारात जाऊन बसायचा. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "देते की अंगठा. न्हाय कुटं म्हनते मी? पन जायच्या आदी कौल काय बोलतोय त्ये माज्या कानानं ऐकूंदे. जलमभर दिवा लावलाय त्येच्याम्होरं. आत काय हाय ठावं न्हाय."

भरमूला त्यात सुटका दिसली. असेल एखादी तुपाची पावती, नाहीतर कुठल्या देवळाचा हिशेब. म्हातारीचं मन मोकळं होईल, अंगठा उमटेल, आणि जांभळीखाली जे झालं ते कायमचं गाडलं जाईल. त्यानं देवाला मनातल्या मनात तेवढंच मागितलं, की कागद फालतू निघू दे.

बेळगावात जमिनीच्या खटल्यांसाठी जुने मोडी कागद वाचून देणारी पूर्णिमा नावाची एक बाई होती. गुंजीहून पॅसेंजरनं दोघं बेळगावला गेले. नागुबाईनं नळी पदरात गुंडाळून पोटाशी धरली होती. पूर्णिमाची खोली शहापुरात, एका कासाराच्या दुकानाच्या वर. चाळीशीची, जाड भिंगाचा चष्मा. तिनं टेबलावर पांढरं फडकं अंथरलं आणि म्हणाली, "आजी, मेण तुम्हीच काढा. मी हात लावत नाही."

नागुबाईनं नखानं मेण खरवडलं. कागद बाहेर आला तेव्हा त्याला तुपाच्या धुराचा वास होता. पूर्णिमानं आधी शिक्का आणि शेवटच्या ओळी बघितल्या. मग एकेक ओळीवर बोट न टेकवता, वरूनच फिरवत वाचू लागली.

"कौलनामा, बेइसम धोंडू वरक व समस्त गवळी, वस्ती आंबेखोल, यांस... तुम्हांस अभय देऊन कौल दिल्हा ऐसाजे. घाटाची वाट राखावी. वणवा लागलिया विझवावा. रानात चोर, परका आलिया खबर द्यावी. दरसाल तूप मण दोन सरकारांत पावते करावे. तुमचे म्हशींस वरला कडा ते खालील व्हाळ पावेतों चराई माफ. वस्ती करून सुखरूप राहणे. तुम्हांस पुसिलियाविण कोणी उठविणार नाही. आचंद्रार्क चालवावे..."

ती थांबली. "खाली देसायांचा शिक्का आहे. आणि त्याच्या खाली हे बघा, सहा काठ्या काढल्यात. तुमच्या सहा माणसांच्या निशाण्या. सही येत नव्हती, म्हणून काठी काढली. मागच्या बाजूला नंतरचं लिहिलंय, इंग्रजांच्या वेळचं. 'कायम केला' म्हणून साहेबाचा शेरा."

"म्हंजी काय गं बाई?" नागुबाईनं विचारलं.

"म्हणजे आजी, ही कुणी कृपा म्हणून दिलेली सनद नाही. दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे. तुमच्याकडून चार गोष्टी, त्यांच्याकडून चार. एकानं मोडला तर दुसरा सुटला. पण दुसऱ्यानं पाळला तर पहिल्याला मोडता येत नाही. कोर्टात हा करार म्हणून किती टिकेल ते मी सांगू शकत नाही, राज्यं बदलली. पण निदान दीडशे वर्षांपूर्वी तुम्ही तिथं होता याला यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे? वनहक्काला पंच्याहत्तरच मागतात ना?"

भरमू भिंतीला टेकला होता. वाट राखावी, वणवा विझवावा, परका आला तर खबर द्यावी. गेली चोवीस वर्षं तो दुसरं काय करत होता? त्याच्या बापजाद्यांनी हेच काम करून रान राखलं आणि त्यात राहायचा शब्द घेतला. तेच काम त्यानं केलं रोजावर, आणि म्हशी हाकलल्या. वाड्यानं आपली बाजू एक दिवसही सोडली नव्हती. ती बाजू खाकी शर्ट घालून तोच पाळत आला होता, आणि त्यालाच ते ठाऊक नव्हतं.

"आता सरकारनं तुमच्याकडून काही लिहून घेतलंय का?" पूर्णिमानं विचारलं. "दावा नव्यानं घाला. तो निकालात निघाल्याशिवाय उठवता येत नाही, कायद्यात आहे. कागद असेल तर दाखवा."

"हाय की. भरमूच्या पिशवीत हाय," नागुबाई म्हणाली.

भरमूनं झेरॉक्स काढून दिली. बेळगावची बाई, कन्नड तिला मराठीइतकीच येत होती. भराभर डोळे फिरवत ती सातव्याशी आली आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "हे कलम ऐकून तुम्ही सह्या दिल्या?" असं म्हणून तिनं ते मोठ्यानं, सरळ मराठीत वाचलं. पूर्वी नव्हता, आज नाही, पुढं सांगणार नाही.

नागुबाईनं भरमूकडं बघितलं नाही. ती कागदाची गुंडाळी करत राहिली. पूर्णिमानं दोन्ही कागदांचे फोटो काढले, कौलाचं देवनागरीत करून पाठवते म्हणाली, आणि पैसे घ्यायला नकार दिला.

परतीच्या गाडीत खानापूर आल्यावर म्हातारीनं नळी पुन्हा पदरात गुंडाळली. मग म्हणाली, "तू वाचलंस तवा ह्ये न्हवतं."

"व्हय, आत्या."

"इसरलास?"

"न्हाय."

गाडी पुलावरून गेली. आवाज कमी झाल्यावर तीच पुन्हा बोलली. "मी कुनाला सांगायची न्हाय. जोतिबाला बी न्हाय. तुजं तू बघ." तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भरमूला वाटलं. मारलं असतं तरी चाललं असतं. तिनं नुसतं ते ओझं उचलून परत त्याच्याच डोक्यावर ठेवलं.

त्यानंतरचे दोन महिने त्यानं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. सकाळी रेंजात गेलं की साहेब म्हातारीचं विचारायचे. वाड्यात आलं की साईराज नव्या घराच्या खिडक्या कुठल्या दिशेला असतील ते विचारायचा. जोतिबा, ज्यानं सात वर्षं पाणी घेतलं नव्हतं, तो आता म्हणायचा, "भरमू, तू वाचलंस म्हनून अंगठा दिला बग. दुसऱ्या कुनाच्या सांगण्यावर दिला नसता." भरमूला जेवण जाईना. ताप नाही, दुखणं नाही, पण माणूस काठीसारखा झाला. एकदा तर रेंजाच्या वाटेवर अर्ध्यात तो दगडावर बसला आणि त्याला पुढं जावं की मागं फिरावं तेच कळेना. तासभर तो तिथंच बसून राहिला.

अखेर त्यानं अंबुबाईला सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "तुमच्या कौलात माज्या गुडघ्याचं काय लिवलंय का? चराई हाय, तूप हाय, म्हशी हायत. पानी आननाऱ्या बाईचं काय हाय?" ती पुढं म्हणाली, "मला जायाचंय. लपवून न्हाय पन. तुमी सांगा समद्यास्नी आनि मग बी मी जानार."

फेब्रुवारीत ट्रक आले. अंगठे दिलेली चौदाही घरं त्या दिवशी निघायची होती. पत्र्याच्या पेट्या, पाटा-वरवंटा, कोंबड्यांची डालगी. साहेब यादी घेऊन उभे. भरमूच्या हातात दुसरी यादी. जोतिबानं आपली म्हैस ट्रकात चढवायला आणली, ती फळीवर पाय ठेवीना. चौघं मागून ढकलत होते. भरमू ते बघत होता, आणि कुणी सांगितल्यासारखा पुढं गेला.

"थांबा जरा. मला वाचायचंय."

माणसं थांबली. त्यानं पिशवीतनं झेरॉक्स काढली. "त्या दिवशी म्या सा कलमं वाचली आनि मग आठवं वाचलं. मधलं गाळलं. आता ऐका." आणि त्यानं सातवं कलम वाचलं, एकदा कन्नडमध्ये जसं लिहिलं होतं तसं, आणि मग मराठीत, फोडून.

साहेबांना मराठी कळत नव्हती, पण कन्नड कळली होती. त्यांचा चेहरा उतरला. जोतिबानं म्हशीचं दावं सोडलं, हळूहळू चालत आला आणि विचारलं, "का रं गाळलंस?"

"कायम करनार म्हनालते."

"झालास?"

"न्हाय."

जोतिबानं मारलं नाही. तो थुंकला, तेही बाजूला, आणि म्हैस घेऊन माघारी गेला. त्याच्यामागं आणखी सात घरांनी आपलं सामान उतरवलं. साईराज मात्र ट्रकाजवळच उभा राहिला. त्याची बायको पुन्हा पोटुशी होती. "भरमूअण्णा," तो म्हणाला, "तुमी खोटं बोललासा त्ये बोललासा. पन ओढा हाय तितंच हाय की." त्याचं घर गेलं. अंबुबाईही त्याच ट्रकात चढली. चौदांपैकी सहा घरं अशी निघाली, आठांनी अंगठा मागं घ्यायचा अर्ज केला, आणि पाच आधीपासूनच थांबलेली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी भरमूला आत बोलावलं, खुर्ची दिली. "उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले. रागावलेले नव्हते, थकलेले दिसत होते. "तुला काढायला कागदही लागत नाही. तुझं नाव कुठं लिहिलेलंच नाही." चोवीस वर्षांचा माणूस अर्ध्या मिनिटात मोकळा झाला. शर्ट परत द्यावा का, असं त्यानं विचारलं. ठेव म्हणाले.

दावा नव्यानं दाखल झाला. पूर्णिमानं कौल देवनागरीत उतरवून, खाली सही-शिक्का करून दिला. पण आठ अंगठे मागं घ्यायचे तर फसवणूक झाली हे कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. ते भरमूशिवाय कोण देणार? सुनावणीच्या दिवशी कचेरीतले अधिकारी म्हणाले, "विचार करा. हे लिहून दिलंत तर तुमच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. समजावून सांगितल्याची सही तुमची आहे." भरमूनं पेन मागितलं आणि उभ्यानंच, स्वच्छ कन्नडमध्ये लिहून दिलं की सातवं कलम मी जाणूनबुजून वाचलं नाही.

नागुबाई कठड्याला धरून उभी होती. कौल आता तिनं स्वतः कचेरीत आणला होता. अधिकाऱ्यांनी तो काचेखालून बघितला, फोटो घेतला, नोंद केली. मग भरमू वाड्याच्या वतीनं बोलू लागला, वाट राखायची कलमं सांगू लागला, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"तुमची स्वतःची सही मागं घेतलीय का?"

घेतली नव्हती. घेतली असती तर प्लॉट गेला असता, आणि अंबुबाईला पुन्हा त्या झऱ्यावर उतरावं लागलं असतं. नव्या घरी नळाला दिवसाआड का होईना पाणी येत होतं. ती महिन्याभरात सरळ चालायला लागली होती.

"मग सातव्या कलमावर पहिली सही तुमचीच," अधिकारी म्हणाले. "तुमचा या जंगलाशी संबंध नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय. तुम्ही बोलू शकत नाही. बसा."

भरमू बसला. नागुबाईला बोलायला सांगितलं. ती मराठीत बोलली. लिहून घेणाऱ्याला मराठी अर्धी कळत होती. त्यानं मागं वळून भरमूकडं बघितलं, आणि अधिकाऱ्यांनी मान हलवल्यावर भरमूनं तिचं बोलणं कन्नडमध्ये करून दिलं, एकही शब्द न गाळता. साक्षीदार म्हणून नाही, दुभाषा म्हणून.

पुढची तारीख मिळाली. त्यानंतर आणखी एक. दावा अजून निकालात निघालेला नाही, आणि भरमूवरचा गुन्हा अजून दाखलही झालेला नाही आणि मिटलेलाही नाही. भरमू आठवड्यातले चार दिवस जंगलाबाहेरच्या नव्या वसाहतीत असतो. तिथले शेजारी त्याच्याशी जपून बोलतात. त्यानं सगळ्यांपुढं कबूल केलं तरी आपण निघून आलो, हे त्यांना टोचतं. दोन-तीन दिवस तो वाड्यावर जातो, तारखांचे कागद वाचून दाखवतो. वाड्यातली माणसं ऐकतात. मग जोतिबा तोच कागद घेऊन गुंजीला जातो आणि दुकानदाराकडून पुन्हा वाचून घेतो. भरमूला ते ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात जंगलाच्या वाटेवर नवं फाटक बसलं. वाड्यात राहणाऱ्यांची यादी तिथं लावलीय, त्यांना सोडतात. भरमूचं नाव यादीत नाही. तो आणि नागुबाई कचेरीतून परत येत होते, तेव्हा फाटकावरच्या नव्या वॉचरनं त्याला थांबवून रजिस्टर पुढं केलं. नाव, गाव, येण्याचं कारण, परत जाण्याची वेळ. कारणाच्या रकान्यात त्यानं 'आत्याला पोचवणे' असं लिहिलं. शेवटचा रकाना मोकळा सोडला.

"मोकळं चालत नाही, काका," वॉचर म्हणाला. "सहाच्या आत बाहेर पाहिजे. नाहीतर मला ऐकावं लागतं."

नागुबाई पुढं जाऊन चढणीवर थांबली होती. वाड्यापर्यंतची वाट अडीच तासांची, आणि चार वाजून गेले होते. भरमूनं रकान्यात 'सहा' लिहिलं, पेन परत दिलं आणि आत्याच्या मागं चढू लागला.